जुनं लावा की!

त्या रविवारी चर्चमध्ये आमच्या मंडळीनं एकाच वेळी दोन स्तोत्रं म्हटली, आणि दोन्ही तेविसावीच होती.

पाळकसाहेब म्हणाले, "उभं राहू या." मी मागच्या टेबलाशी लॅपटॉपचं बटण दाबलं आणि समोरच्या पडद्यावर अक्षरं उमटली. पुढच्या बाकांवरच्या ज्येष्ठांनी हातातल्या बायबलमधलं जुनं भाषांतर म्हणायला सुरुवात केली. मागच्या तरुण पोरांनी पडद्यावरचं उचललं... आणि पडद्यावर होतं नवं, सोप्या मराठीतलं! मी जुनंच निवडून ठेवलं होतं हो. पण सॉफ्टवेअरनं स्वतःला अपडेट करून घेतलं आणि माझी निवड पुसून दुसरंच भाषांतर वर आणून ठेवलं.

पहिलं वचन कसंबसं जुळलं. दुसऱ्याला पुढचे लोक अजून स्तोत्रातल्या कुरणातच होते आणि मागचे त्यातल्या पाण्यापाशी पोचले. तिसऱ्याला पेटीवर सूर धरून बसलेले माझे बाबा थांबले. चौथ्याला सगळी मंडळीच गप्प झाली.

त्या भयाण शांततेत माझ्या पुढच्या बाकावरच्या एका अनोळखी तरुणानं मान वळवली.

"जुनं लावा की!" तो कुजबुजला.

"शोधतेय."

"वर कोपऱ्यात असेल बघा."

"पावणं," मी दात आवळून म्हटलं, "पुढं बघा. उपासना तिकडं चाललीय."

तो हसला आणि त्यानं चष्मा वर सारला. चष्म्याची एक दांडी चिकटपट्टीनं बांधलेली होती. मी डोळे तपासते, शाहूपुरीत चष्म्याच्या दुकानात माझी नोकरी आहे. एवढ्या गडबडीतही त्या दांडीनं माझा जीव तुटला. दांडीसाठीच तुटला... असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

तेवढ्यात सगळ्यात पुढच्या बाकावरून भाऊसो उठले. भाऊसो म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांमधले सगळ्यात ज्येष्ठ. कसलेलं शरीर, पांढऱ्या मिशा, आणि आवाज असा की माईकची गरज नाही.

"पाळकसाहेब, त्यो पडदा गुंडाळा! हे चर्च हाय, टॉकीज न्हाय!"

उपासना संपल्यावर चिंचेखाली चहाचे कप फिरले, पण मी माझा कप तसाच हातात धरून उभी होते. तो पडदा मी हट्टानं आणला होता. बाबांच्या डोळ्यातला पडदा झिजत चालला होता. हयातभर मंडळीत पेटी वाजवलेला माणूस, पण पुस्तकातलं अक्षर त्यांना दिसेनासं झालं होतं. भिंतीवरचं वीतभर उंचीचं अक्षर तेवढं दिसायचं. पडदा गेला तर बाबा मंडळीत बसून मंडळीबाहेर पडणार होते.

पाळकसाहेब माझ्याजवळ आले. "मधुवंती, दोष तुझा एकटीचा नाही. कुठलं भाषांतर कधी लावायचं, हे आपण कधी ठरवलंच नाही. आता हंगामाचा सण येतोय. गावोगावची माणसं पीक घेऊन येतील. पंच म्हणतायत, सणापर्यंत एक काय ते ठरवा. सणाला असा गोंधळ झाला, तर पडदा उतरवायचा."

"नवं ठेवा, साहेब," मी म्हटलं. "सगळ्यांना कळतं."

"जुनं ठेवा, साहेब," मागून आवाज आला. तोच चिकटपट्टीवाला. "भाषा तरी बघा काय आहे!"

पाळकसाहेबांनी एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा त्याच्याकडं. मग हातातला कप बाकावर ठेवून ते म्हणाले, "झालं तर. तुम्ही दोघांनी मिळून ठरवा."

त्याचं नाव सम्राट आवळे. मूळचा नेसरीचा, नुकताच कोल्हापुरात कॉलेजात मराठी शिकवायला आलेला.

"नाव सम्राट आणि बसता मागच्या बाकावर?" मी विचारलं.

"राज्य अजून मिळालं नाही," तो म्हणाला. "शोधतोय."

आणि चहा पिता पिता असं काही बघितलं त्यानं माझ्याकडं, की मी कप घेऊन सरळ आत निघून गेले.

*

त्याच आठवड्यात परतीच्या पावसानं शाहूपुरीला गाठलं. गल्लीतले दुकानदार शटर अर्धी ओढून रस्त्यावरचं पाणी बघत उभे होते. आमच्या दुकानाचं दार ढकलून एक भिजलेला माणूस आत आला. एका हातात चष्म्याची काच, दुसऱ्या हातात दांडी.

"गेला," सम्राट म्हणाला.

"जायचाच होता. बसा."

मी त्याला यंत्रासमोर बसवलं. "हनुवटी इथं टेका. कपाळ पट्टीला लावा. हिरव्या दिव्याकडं बघा."

"कुठाय दिवा?"

"समोर."

"समोर तर तुम्ही आहात."

"माझ्या मागं दिवा आहे," मी शक्य तितक्या कोरड्या आवाजात म्हटलं. पण यंत्राच्या भिंगातून मला त्याचा डोळा हातभर मोठा दिसत होता. तपकिरी, आणि कडेला हसणारा. मी डोळे रोजच बघते. शेकड्यानं बघते. डोळा म्हणजे आमच्यासाठी नंबर. त्या दिवशी मात्र मला नंबर दोनदा घ्यावा लागला.

मग तपासणीची जड चौकट त्याच्या नाकावर ठेवून मी एकेक काच बदलत गेले. "हे बरं दिसतंय... का हे?"

"दोन्ही बरं."

"असं चालत नाही. एक सांगा."

"तुम्ही काच बदलताना जवळ येता," तो म्हणाला. "म्हणून ठरवायला वेळ लागतोय."

पावसाचा आवाज एकदम वाढला का मला तसं वाटलं, कुणास ठाऊक. मी हातातली काच डबीत टाकली ती चुकीच्या खाचेत.

"शनिवारी दुपारी चर्चमध्ये या," मी म्हटलं. "भाषांतराचं बघायचंय."

"भाषांतराचंच ना?"

"सम्राट सर, खालची ओळ वाचा!"

*

शनिवारच्या रिकाम्या चर्चमध्ये आम्ही बसायचो. तो समोरच्या बाकावर उलटा बसून, मी लॅपटॉपशी. काम वाटलं होतं त्यापेक्षा चिवट निघालं. जुन्या भाषांतराची कुणीतरी फोनवरून पाठवलेली प्रत आमच्याकडं होती, तिच्यात जोडाक्षरं फुटलेली. पडद्यावर 'ख्रिस्त'सुद्धा धड उमटत नव्हता. स्तोत्राचं शीर्षक एका भाषांतरात पहिलं वचन म्हणून मोजलेलं, दुसऱ्यात नाही. म्हणजे पाळकसाहेबांनी पाचवं म्हटलं की पडद्यावर कुणाचं चौथं, कुणाचं पाचवं.

"ही प्रत टाकून द्या," सम्राट म्हणाला. "ज्यांनी छापलंय, त्यांच्याकडं रीतसर परवानगी मागू आणि शुद्ध मजकूर मागू. फुकटात मिळालं म्हणून देवाचा शब्द फुटका लावायचा का?"

आम्ही दोन्ही प्रकाशकांना ईमेल पाठवले. उत्तरं आली, परवानगी आली, मजकूर आला. एवढं सगळं जमलं. जुळत नव्हतं ते आमच्या दोघांचंच.

तो जुनं वाचून दाखवायचा. उभा राहून, हात मागं बांधून. "ऐका! वाक्याला चाल आहे."

"चाल आहे, पण कळायचे हाल आहेत."

"सगळं एका घासात कळलंच पाहिजे का?"

"शेतातनं दमून आलेल्या बाईला कळलं पाहिजे की नाही?"

मग मी जिंकल्यासारखी लॅपटॉपकडं वळायचे. पण तो पुन्हा वाचायला लागला की मी बटणावरचं बोट तसंच ठेवून ऐकत बसायचे... हे त्याला कळू दिलं नाही.

शेवटी पाळकसाहेब म्हणाले, "भाऊसोंना एकदा भेटून या. त्यांना न विचारता ठरवाल तर ते ऐकणार नाहीत."

आम्ही गेलो तेव्हा भाऊसो गोठ्यात म्हशीची धार काढत होते. दुधाच्या धारेच्या तालावर तोंडानं काहीतरी चाललं होतं. आम्ही दाराशीच थबकलो. ते स्तोत्र म्हणत होते. एक झालं की दुसरं, पुस्तक नाही, चष्मा नाही, अडखळणं नाही. जुन्या भाषांतरातला तोच शब्द, जो मला अवघड वाटायचा, त्यांच्या तोंडून धारोष्ण दुधासारखा येत होता.

आम्हाला पाहून ते थांबले. "काय, पडद्याचं काय?"

"भाऊसो, एवढं पाठ आहे तुम्हाला?" मी विचारलं.

"आईनं करून घेतलंय. तिला लिवता-वाचता येत न्हवतं. ऐकून ऐकून तिनं पाठ केल्यालं, आणि मला म्हशीमागं फिरता फिरता शिकिवलं." त्यांनी दुधाची कासंडी खाली ठेवली. आवाज पहिल्यांदाच खाली आला. "आता पडद्यावर येगळंच येतंय. समदी येगळं म्हणत्यात, आणि माजी जीभ मधीच अडखळती. मग मी गप बसतो. एवढ्या वर्सांत मी मंडळीत कधी गप बसलो न्हवतो, पोरी. आईनं शिकिवल्यालं चुकीचं होतं व्हय?"

मी त्यांच्या पायांशी वाकले तेव्हा डोळ्यांतलं पाणी शेणानं सारवलेल्या जमिनीवर पडलं.

परत येताना सम्राट माझ्या बाजूनं चालत होता. तो एक शब्द बोलला नाही. 'मी सांगत होतो' असं म्हणायचा त्याचा पूर्ण हक्क होता. त्यानं तो वापरला नाही. त्या गप्प चालण्यात मला तो पहिल्यांदा फार आवडला.

पुढच्या शनिवारी पारडं फिरलं. त्यानं नेसरीला आईला फोन लावला होता. नव्या भाषांतराचं एक पान मी मोठ्या अक्षरात करून दिलं होतं आणि त्यानं ते तिच्या फोनवर पाठवलं होतं. नुसतं बघायला, वाचता येतंय का ते. त्याची आई, अव्वा, प्रौढ शिक्षणाच्या वर्गात अक्षरं शिकलेली. त्यानं फोन बाकावर ठेवला आणि आम्ही दोघं ऐकत राहिलो.

ती एकेक अक्षर लावत गेली. शब्द झाला. वाक्य झालं. मग वाचन मधेच थांबलं.

"अव्वा? दिसंना झालं काय?"

"दिसतंय की रं," अव्वा म्हणाली. "कळतंय! माजं मला कळतंय. आजवर तू वाचून दावायचास, मी मान हालवायची. कळत न्हवतं रं मला. सांगायची लाज वाटायची."

सम्राटनं चष्मा काढला. मीच निवडून दिलेला नवा चष्मा. रुमालानं तो पुसत राहिला, पुसत राहिला...

"नवंच ठेवू," अखेर तो म्हणाला.

"मुळीच नाही," मी म्हणाले. "भाऊसोंचं काय? जुनंच ठेवायचं."

"अहो, अव्वाचं ऐकलं ना तुम्ही?"

"तुम्ही भाऊसोंचं ऐकलं ना?"

दोघं एकमेकांकडं बघत राहिलो. बाजू बदलल्या होत्या, भांडण तसंच! आणि मग त्या रिकाम्या चर्चमध्ये आम्ही पोट धरून हसलो. हसता हसताच ते सुचलं. आधी कोण बोललं, यावर आजही आमचं एकमत नाही.

मंडळीला जे तोंडपाठ आहे, ते जुन्यातच दाखवायचं. पडद्यानं त्यात ढवळाढवळ करायची नाही. आणि जे वाचून समजून घ्यायचं आहे, उपदेशाआधीचं वाचन, ते नव्यात. एका स्क्रीनवर दोन्हींची गर्दी नको. एका वेळी एक, आणि कोपऱ्यात भाषांतराचं नाव, म्हणजे हातात पुस्तक असलेल्याला कळेल. काळ्या पार्श्वभूमीवर पिवळी अक्षरं हा आग्रह माझा. ओळ कुठं तोडायची हा त्याचा. श्वास जिथं थांबतो तिथं.

काम संपलं. सण तोंडावर आला. आणि मला आनंद व्हायच्या ऐवजी हुरहूर लागली. सण झाल्यावर शनिवारी दुपारी भेटायला कारण काय उरणार होतं? त्याच्या चष्म्याचा नंबरही आता पुरता वर्षभर बदलणार नव्हता.

*

सणाच्या दिवशी वेदीसमोर उसाची मोळी उभी होती. गुळाच्या ढेपा, भुईमूग, भाताच्या लोंब्या, भोपळे, कुणाची अंडी, कुणाचा कोंबडा. नेसरीकडची, हुपरीकडची माणसं आली होती. बाक पुरेनात, म्हणून सतरंज्या टाकल्या. हिरवं इरकल नेसलेली एक बाई दारातून आली तेव्हा सम्राट धावला. अव्वा! तिनं माझ्याकडं एकदाच, पण नीट बघितलं.

बाबा पेटीशी बसले. सम्राट माझ्या टेबलाशी, अगदी शेजारी.

सगळं ठरल्याप्रमाणं चाललं होतं आणि पाळकसाहेबांना भरून आलं. इतकी माणसं बघून ते ठरलेलं सोडून म्हणाले, "आज आधी आपण एकशे एकविसावं स्तोत्र म्हणू या!"

ते आमच्या क्रमात नव्हतंच.

"जुनं का नवं?" सम्राट कुजबुजला.

माझं बोट बटणावर होतं. मंडळी उभी राहत होती. मी पडद्याकडं पाहिलं नाही. पुढच्या बाकाकडं पाहिलं. भाऊसोंचे हात रिकामे होते. पुस्तक बाकावर मिटलेलं. आणि मान वर करून, डोळे मिटून, त्यांचे ओठ हलायला लागले होते.

"जुनं," मी म्हटलं आणि दाबलं.

अक्षरं उमटली आणि त्याच क्षणी भाऊसोंचा आवाज सुटला. मोठा, मोकळा, छपराला भिडणारा! त्यामागून ज्येष्ठांचा, त्यामागून पडद्यावरून वाचणाऱ्या पोरांचा, सतरंजीवरच्या बायकांचा. एकच शब्द, एकच श्वास. बाबांनी मान उंचावली, पडद्यावरची पिवळी ओळ बघितली आणि म्हणता म्हणता पेटीचा भाता ओढला. ठरलेलं नसताना त्यांनी सूर भरला. शेजारी सम्राट स्वतःही मोठ्यानं म्हणत होता, आणि त्याचा हात टेबलावर माझ्या हाताला लागला होता. त्यानं काढला नाही. मीही नाही.

मग वाचनाची वेळ आली. मी नवं भाषांतर लावलं. "गावाकडच्या पाहुण्यांपैकी कुणी वाचेल का?" पाळकसाहेबांनी विचारलं. कुणी हलेना. माणसं एकमेकांकडं बघायला लागली.

हिरवं इरकल उभं राहिलं.

सम्राटचा श्वास अडकलेला मला ऐकू आला. अव्वा पदर सावरत मधल्या वाटेनं चार पावलं पुढं गेली आणि पडद्याकडं तोंड करून वाचायला लागली. एकेक अक्षर लावत. थांबत. पुन्हा सुरू करत. एक शब्द चुकला, तो तिनंच दुरुस्त केला. एवढं भरलेलं चर्च, पण लहान मूलसुद्धा रडलं नाही. शेवटचं वचन संपलं तेव्हा ती वळली, जणू कुणीतरी तिला रागावणार आहे.

"आमेन!" भाऊसो गरजले. "आमेन, बाई! काय वाचलासा!"

आणि मग अख्ख्या मंडळीचं आमेन. असं आमेन मी आमच्या चर्चमध्ये कधी ऐकलं नव्हतं.

उपासनेनंतर पंच एकत्र जमले तेव्हा भाऊसोंनी कुणाला तोंड उघडू दिलं नाही. "ठरवायचं काय त्यात? पडदा ऱ्हाईल. आणि असला बारका नगो, मोठा आणा!"

*

आवारात लिलाव सुरू झाला. सणाला आलेलं पीक दरवर्षी असं मंडळीसाठी विकतात, आणि पुकारा अर्थातच भाऊसोंचा. अव्वा बाबांशेजारी खुर्चीवर बसून काहीतरी विचारत होती, बाबा हसून मान डोलावत होते. मी लॅपटॉपची पिशवी खांद्याला लावली. काम झालं होतं. मी फाटकाकडं वळले.

"मधुवंती! थांबा!" मागून सम्राटनं हात उंच केला.

"तीन वार!" भाऊसो ओरडले. "कोंबडा मास्तरांचा!"

लोक खो खो हसले. कुणीतरी कोंबडा त्याच्या काखेत कोंबला आणि तो तसाच, पंखांची फडफड सावरत माझ्यासमोर आला.

"मला बोलायचं होतं," तो म्हणाला.

"बोला की."

"कॉलेजात मी तासभर न थांबता बोलतो."

"बरं."

"पण आता..." कोंबड्यानं त्याच्या नव्या चष्म्यावर पंख मारला. "सण झाला. पडदा ऱ्हायला. आता मला शनिवारी यायला काय कारण हाय? मी लई विचार केला. कारण न्हायच. म्हणून सरळ सांगतो... मला तुमच्याशी लगीन करायचं हाय."

सगळी प्रमाण मराठी त्याच्या तोंडून पळाली होती. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मला हसू येत होतं आणि रडूही.

"बाबांना विचारावं लागेल," मी म्हटलं.

"अव्वा विचारतीय, तिकडं बघा."

मी बघितलं. अव्वानं बाबांचा हात हातात घेतला होता आणि बाबा माझ्या दिशेनं, मी धूसर दिसत असले तरी, तोंड भरून हसत होते.

"आणि मला?" मी विचारलं. "मला कोण विचारणार?"

"मी विचारतोय की. केव्हाचा."

मी त्याच्या काखेतला कोंबडा काढून घेतला. पिसं गरम होती आणि त्याचं काळीज माझ्या काळजाइतकंच धडधडत होतं.

"उद्या अव्वांना घेऊन घरी ये," मी म्हणाले.

'ये' ऐकून तो जागच्या जागी खिळला. 'या' नाही, 'ये'. ते एवढंसं अक्षर त्याच्या चेहऱ्यावर सावकाश उजाडत गेलं.

"मास्तर!" पलीकडून भाऊसोंचा पुकारा आला. "उसाची मोळी हाय! हात वर करतायसा काय?"

माझ्यावरची नजर न काढता सम्राटनं दोन्ही हात वर केले.